उत्तर: एचएलएस रिपोर्ट ४८ एफपीएस म्हणतो, मग हातात ७ च का पडतात?

प्रश्न वाचला. बाकीच्यांसाठी आधी थोडक्यात परत मांडतो. पिंक-झेड२ (PYNQ-Z2) बोर्ड आहे, म्हणजे आत झिंक-७०२०, एकाच चिपमध्ये एआरएम प्रोसेसर (पीएस) आणि हवं ते सर्किट बनवता येणारा एफपीजीएचा भाग (पीएल). १०८०पी इमेजवर आधी ५×५ गॉशियन ब्लर (चित्र मऊ करणारा फिल्टर), मग ३×३ सोबेल (कडा शोधणारा). दोन वेगवेगळे आयपी, म्हणजे सर्किटचे ब्लॉक, एचएलएसमध्ये (सी कोडपासून सर्किट बनवणारं टूल) लिहिलेत, क्लॉक १०० मेगाहर्ट्झ, दोन्हीकडे रिपोर्टमध्ये आयआय १ (दर क्लॉकला एक नवा पिक्सेल) आलाय आणि प्रत्येकाला स्वतःचा डीएमए (प्रोसेसरऐवजी मेमरीतून डेटा ने-आण करणारा ब्लॉक) आहे. टेस्टसाठी एक कलर फोटो मेमरीत ठेवून पायथनच्या लूपमध्ये तो ग्रे करायचा, बफरमध्ये कॉपी करायचा, गॉशियनला पाठवायचा, परत घ्यायचा, सोबेलला पाठवायचा, परत घ्यायचा. डीएमए १६,३८३ बाइटच्या वर घेत नाही असा एरर आला म्हणून ८-८ ओळींचे तुकडे करून पाठवताय. एलयूटी (पीएलमधले लॉजिकचे छोटे घटक) तिसरा हिस्सासुद्धा वापरले गेलेले नाहीत, एचएलएस म्हणतं सेकंदाला ४८ फ्रेम (एफपीएस), प्रत्यक्षात ७. आणि विचारलंय की अनरोल (लूपच्या अनेक फेऱ्या एकाच वेळी चालवणं) किती करू, का सरळ मोठा बोर्ड घेऊ, कारण पुढे एचडीएमआयवर ६० एफपीएस हवेत आणि सोबेलच्या कडा मूळ चित्रावर चढवून दाखवायच्या आहेत.

अनरोलने काही होणार नाही. मोठ्या बोर्डानेही जवळपास काहीच होणार नाही. तुमचा फिल्टर हळू नाहीये, फिल्टर बहुतेक वेळ रिकामा बसलाय. गिरणी दहा हॉर्सपॉवरची बसवली आणि धान्य ओंजळीने टाकताय, असं झालंय. आता गिरणीची मोटर बदलू का म्हणून विचारताय.

आकडेमोड करून दाखवतो, कारण मी स्वतः कुठलंही डिझाइन हातात आलं की विवाडो (एफपीजीए डिझाइनचं सॉफ्टवेअर) उघडायच्या आधी हीच करतो. १९२० गुणिले १०८० म्हणजे २०,७३,६०० पिक्सेल. एका क्लॉकला एक पिक्सेल, १०० मेगाहर्ट्झ, म्हणजे २०.७ मिलिसेकंद, म्हणजे ४८ फ्रेम. एचएलएसचा रिपोर्ट खोटं बोलत नाहीये, पण तो एकाच आयपीचा आहे आणि डेटा दारात उभा आहे असं गृहीत धरून केलेला आहे. तुमच्याकडे दोन आयपी एकामागून एक चालतात, पहिल्याची पूर्ण इमेज डीडीआरमध्ये (बोर्डवरची मुख्य मेमरी) जाते आणि मग दुसरा ती परत वाचतो, म्हणजे ४१.५ मिलिसेकंद. इथेच कमाल मर्यादा २४ फ्रेमवर आली. आता ७ एफपीएस म्हणजे एका फ्रेमला साधारण १४३ मिलिसेकंद. त्यातले ४१ फिल्टरचे, उरलेले शंभरएक मिलिसेकंद फिल्टरच्या बाहेर कुठेतरी जातायत. समजा जादूने दोन्ही आयपी शून्य वेळात चालायला लागले, तरी तुम्हाला १० फ्रेमच मिळतील. मोठ्या बोर्डानेही हेच होईल, फक्त एआरएम जरा फास्ट असल्यामुळे थोडे जास्त दिसतील आणि वाटेल की पैसे वसूल झाले.

बरं, ते शंभर मिलिसेकंद कुठे जातात. इथे काही गोष्टी तुमच्या सेटअपवर अवलंबून आहेत, त्या न बघता छातीठोकपणे सांगता येणार नाहीत, पण मोठा संशयित समोरच आहे. १०८० ओळी, ८-८ चे तुकडे, म्हणजे १३५ तुकडे. प्रत्येक तुकड्याला एक पाठवायचा कॉल आणि एक घ्यायचा कॉल, आणि हे दोन आयपींसाठी, म्हणजे एका फ्रेमला ५४० ट्रान्सफर, आणि प्रत्येकाच्या मागे वेट. एका तुकड्यात १५,३६० पिक्सेल, म्हणजे फिल्टरचं खरं काम १५४ मायक्रोसेकंदांचं. पायथनमधून डीएमएचे रजिस्टर लिहायचे, स्टेटस वाचत बसायचं, परत यायचं, ह्याला कॉलमागे एक दशांश मिलिसेकंद जरी धरला तरी ५४ मिलिसेकंद तिथेच गेले, आणि तेवढा वेळ पीएल नुसतं बसून.

आणि ही सगळी कसरत एका सेटिंगमुळे. विवाडोमध्ये अ‍ॅक्सी डीएमएच्या ब्लॉकवर (अ‍ॅक्सी म्हणजे ब्लॉक एकमेकांना जोडायची ठरलेली बस) डबल क्लिक करा, त्यात बफर लेंथ रजिस्टरची रुंदी असते, डिफॉल्ट १४ बिट. १४ बिटात जास्तीत जास्त १६,३८३ मावतं, तोच तुमचा एरर. तुमच्या इमेजला २१ बिट पुरतात, कारण २१ बिटात २०,९७,१५१ पर्यंत जातं आणि तुम्हाला २०,७३,६०० हवेत. मी सरळ २६ ठेवतो, तेच त्याचं मॅक्सिमम आहे, चार-दोन फ्लिपफ्लॉप (एक बिट साठवणारे घटक) जास्त गेले तर जाऊ देत. मग टी-लास्ट (डेटा संपला असं सांगणारा सिग्नल) दर ८ ओळींना न देता फ्रेमच्या अगदी शेवटच्या पिक्सेलवर द्या, नाहीतर रिसीव्हचा डीएमए आठव्या ओळीला समजेल की झालं आणि थांबेल. उलट टी-लास्ट द्यायचाच विसरलात तर तो कधीच थांबणार नाही आणि वेटवर नोटबुक लटकेल. नवीन लोकांच्या 'डीएमए हँग झाला' ह्या तक्रारीत निम्म्याहून जास्त वेळा टी-लास्टच असतो.

ह्यावरून अजून एक लक्षात आलं. तुम्ही तुकड्यांनी पाठवूनही पहिल्या तुकड्याला तेवढंच आउटपुट परत मिळतंय आणि काही अडकत नाहीये, म्हणजे तुमचा गॉशियन प्रत्येक इनपुट पिक्सेलला लगेच एक आउटपुट पिक्सेल सोडतोय. पण ५×५ च्या विंडोला मधल्या पिक्सेलच्या खालच्या दोन ओळी यायच्या असतात. त्यामुळे तुमचं आउटपुट चित्र दोन ओळी खाली आणि दोन पिक्सेल उजवीकडे सरकलेलं असणार, सोबेलमध्ये अजून एक-एक. नुसत्या ब्लरमध्ये ते डोळ्याला कळत नाही, पण कडा मूळ चित्रावर चढवायला जाल तेव्हा लगेच दिसेल. ह्याकडे परत येतो.

दुसरा संशयित म्हणजे मेमरी. एचपी पोर्टमधून (पीएलचा डीडीआरकडे जायचा रस्ता) डीएमए जे वाचतो-लिहितो ते एआरएमच्या कॅशेला (प्रोसेसरजवळची जलद मेमरी) कळत नाही. म्हणून बफर एकतर नॉन-कॅशेबल असतो किंवा कॅशेबल असेल तर फ्लश आणि इनव्हॅलिडेट करावं लागतं. नॉन-कॅशेबल बफर सीपीयूने वाचायला घेतला की रडायला येतं, प्रत्येक रीड थेट डीडीआरपर्यंत जाऊन येतो, आणि तुम्ही नेमकं रिझल्ट त्यातून साध्या न्यूमपाय अ‍ॅरेमध्ये कॉपी करताय. शिवाय ग्रे करणं ६५० मेगाहर्ट्झच्या कॉर्टेक्स-ए९ वर, फ्रेममागे वीस लाख पिक्सेल. ग्रे करायला पीएलमध्ये काय लागतं? लालला ७७, हिरव्याला १५०, निळ्याला २९ ने गुणायचं, बेरीज करून ८ बिट उजवीकडे सरकवायचं, संपलं. गॉशियनच्या आधी एक छोटी स्टेज, थ्रूपुटवर काडीचा फरक पडत नाही. कलर पिक्सेल पाठवायला स्ट्रीम २४ किंवा ३२ बिटांची करावी लागेल, पण त्याला जागा आहे, पुढे हिशोब देतो.

आता हे सगळं मी अंदाजाने सांगतोय. अंदाज बरोबर असेल कदाचित, पण त्यावर विसंबून डिझाइन बदलत बसू नका, आधी मोजा. माझी पद्धत अशी आहे की प्रत्येक स्ट्रीमच्या सांध्यावर तीन काउंटर बसवायचे, ३२ बिटांचे, आणि ते अ‍ॅक्सी-लाइटवरून (रजिस्टर वाचायची साधी बस) वाचता येतील असे ठेवायचे. पहिला काउंटर वाढतो जेव्हा व्हॅलिड आणि रेडी दोन्ही वर असतात, म्हणजे पिक्सेल खरंच पुढे गेला. दुसरा वाढतो जेव्हा व्हॅलिड वर आहे पण रेडी खाली, म्हणजे माल तयार आहे, पुढचा घेत नाहीये. तिसरा जेव्हा रेडी वर आणि व्हॅलिड खाली, म्हणजे पुढचा हात पसरून बसलाय आणि मागून काही येत नाही. फ्रेमच्या सुरुवातीला शून्य करायचे, शेवटी वाचायचे. दुसरा मोठा निघाला तर पुढच्या दिशेने जा, तिसरा मोठा निघाला तर मागे जा, दोन-तीन सांधे बघितले की चोर सापडतो. खर्च किती, तर सांध्याला शंभरएक फ्लिपफ्लॉप, ७०२० मध्ये १,०६,४०० आहेत. लोक ह्यासाठी आयएलए (चिपच्या आतले सिग्नल टिपणारं साधन) लावतात, पण आयएलए ब्लॉक रॅममध्ये (चिपमधली छोटी मेमरी) साठवतो, काही हजार क्लॉकची खिडकी दिसते आणि तुमची फ्रेम वीस लाख क्लॉकची आहे. हँडशेक चुकलाय का हे बघायला आयएलए उत्तम, फ्रेमभर वेळ कुठे गेला हे बघायला काउंटरच.

मला खात्री आहे की गॉशियनच्या इनपुटवर तिसरा काउंटर फुगलेला निघेल. निघाला नाही तर माझं पुढचं सगळं बाजूला ठेवा आणि आकडे इथे टाका.

तर बदल कुठल्या क्रमाने. पहिला म्हणजे तुकडे बंद, पूर्ण फ्रेम एका ट्रान्सफरमध्ये. दुसरा, दोन आयपी एकाला एक जोडा. गॉशियनची आउटपुट स्ट्रीम थेट सोबेलच्या इनपुटला, मधला डीडीआरचा फेरा रद्द, एक डीएमए कमी. हे ब्लॉक डिझाइनमध्ये वायर ओढून करा किंवा एचएलएसमध्ये एकाच टॉप फंक्शनमध्ये दोन फंक्शन आणि मधे स्ट्रीम ठेवून डेटाफ्लो प्रॅग्मा (फंक्शन एकाच वेळी चालवायची सूचना) द्या, दोन्ही चालतं. मी ब्लॉक डिझाइनचा रस्ता पसंत करतो, कारण मधल्या सांध्यावर काउंटर लावता येतो आणि एक फिल्टर बदलला तर दुसरा परत सिंथेसाइज करावा लागत नाही. डेटाफ्लोमध्ये एक पथ्य आहे, मधल्या प्रत्येक चॅनलचा एकच लिहिणारा आणि एकच वाचणारा हवा. एक अ‍ॅरे दोन फंक्शनना वाचायला दिलात की टूल एकतर भांडतं नाहीतर गुपचूप सगळं एकामागून एक चालवतं, आणि वॉर्निंग ढीगभर मेसेजमध्ये कुठेतरी गाडलेली असते.

जोडल्यावर दोन्ही फिल्टर एकाच वेळी चालतात, सोबेल काही ओळी मागे असतो इतकंच. म्हणजे परत २०.७ मिलिसेकंद, ४८ फ्रेम. आणि डीडीआरवरचा ताणही अर्धा झाला. ६० एफपीएसचा ग्रे व्हिडिओ म्हणजे सेकंदाला १२४ एमबी. तुमच्या आत्ताच्या रचनेत तो चार वेळा डीडीआरचा उंबरठा ओलांडतो, वाच-लिही-वाच-लिही, म्हणजे ५०० एमबीच्या आसपास, जोडल्यावर २५०. पिंक-झेड२ वर डीडीआर३ ची बस १६ बिटांचीच आहे, १०५० मेगाबिट पर पिनने कागदावर २.१ जीबी प्रतिसेकंद. प्रत्यक्षात त्यात रिफ्रेश आला, वाचणं-लिहिणं बदलताना जाणारा वेळ आला, लिनक्स स्वतः त्यातच खातंय. कागदावरच्या आकड्याच्या अर्ध्याहून जास्त मागायची वेळ आली की मी डिझाइन परत बघतो. इथे तुम्ही खूप खाली आहात, त्यामुळे डीडीआर तुमचा प्रश्न नाही.

तिसरी गोष्ट रुंदी. एचपी पोर्ट ६४ बिटांचा आहे, १०० मेगाहर्ट्झला एका दिशेने ८०० एमबी प्रतिसेकंद. तुमची स्ट्रीम ८ बिटांची, म्हणजे १०० एमबी. आठपदरी रस्त्याचा एक पदर. ६० एफपीएस हवेत म्हणजे १६.७ मिलिसेकंदात फ्रेम संपली पाहिजे आणि त्याला दोन वाटा आहेत, क्लॉक वाढवा किंवा एका क्लॉकला दोन पिक्सेल घ्या.

क्लॉकची वाट आधी बघू. एका क्लॉकला एक पिक्सेल ठेवून ६० फ्रेमला कमीत कमी १२४.४ मेगाहर्ट्झ लागतो. पीएसकडून येणारा क्लॉक सहसा १००० मेगाहर्ट्झच्या पीएलएलला पूर्णांकाने भागून मिळतो, म्हणजे ८ ने भागून १२५ किंवा ७ ने भागून १४२.८६. १२५ बघून वाटतं बसलं की. पण हिशोब करा, १२५ मेगाहर्ट्झला एका फ्रेमच्या वाट्याला २०,८३,३३३ क्लॉक येतात, पिक्सेल २०,७३,६००, शिल्लक ९,७३३, म्हणजे ओळीमागे ९ क्लॉक. एचएलएसमध्ये आतला कॉलमचा लूप पाइपलाइन केला आणि बाहेरचा ओळींचा लूप त्यात सपाट झाला नाही, म्हणजे दोन लूपच्या मधे एखादी ओळ कोड लिहिलेली असली, की दर ओळीच्या शेवटी पाइपलाइन रिकामी होऊन परत भरते. तुमच्या पाइपलाइनची खोली दहा-बारा असली तरी ते नऊ क्लॉक तिथेच संपले आणि ५९ पॉइंट काहीतरी एफपीएस मिळतील, आणि तुम्ही आठवडाभर शोधत बसाल की दर काही सेकंदांनी एक फ्रेम का गळते. १४२.८६ वर भरपूर मोकळीक आहे पण मग टायमिंग क्लोज करायला (प्रत्येक सिग्नल एका क्लॉकच्या आत पोचवायला) लागतं, आणि पिंक-झेड२ वरचा चिप सगळ्यात हळू स्पीड ग्रेडचा आहे. होतं, पण मेहनत आहे.

मी असतो तर १०० मेगाहर्ट्झच ठेवून दोन पिक्सेल घेतले असते. १०,३६,८०० क्लॉक, १०.४ मिलिसेकंद, ९६ फ्रेमची क्षमता, ६० साठी ढीगभर मोकळीक. आणि इथे एक गंमत आहे जी लोकांच्या लक्षात येत नाही. लाइन बफरला (आधीच्या ओळी साठवायची जागा) एक ओळ साठवायची म्हणजे १९२० × ८ बिट, ती १८ केबिटच्या एका ब्लॉक रॅममध्ये २के × ९ अशा मांडणीत बसते. दोन पिक्सेल केले की तीच ओळ ९६० × १६ होते, तीसुद्धा १के × १८ मांडणीत त्याच एका ब्लॉक रॅममध्ये बसते. चार पिक्सेल केले तर ४८० × ३२, तेही ५१२ × ३६ मध्ये बसतं. मेमरी तितकीच, वेग दुप्पट-चौपट. वाढतात ते फक्त अ‍ॅडर आणि विंडोची रजिस्टर, आणि ते तुमच्याकडे पडून आहेत. अनरोल करायचं असेल तर ते इथे, स्ट्रीम रुंद केल्यावर. एक पिक्सेलच्या स्ट्रीमवर चारने अनरोल केलंत तर चारातले तीन हात रिकामेच राहणार. डाव्या-उजव्या कडेला विंडो कशी भरायची हे दोन पिक्सेलमध्ये थोडं किचकट होतं, विंडो ५×६ ची लागते, पण एकदा कागदावर चौकोन काढले की सुटतं.

गॉशियनचे गुणाकारही बघून घ्या. ५×५ सरळ लिहिला तर २५ गुणाकार, पण तो आडवा-उभा वेगळा करता येतो, मग ५ अधिक ५. आणि कोइफिशंट १, ४, ६, ४, १ घेतले तर एकही गुणाकार लागत नाही, ४ म्हणजे दोन बिट डावीकडे, ६ म्हणजे चार आणि दोनची बेरीज. ७०२० मध्ये डीएसपी (गुणाकाराचे तयार ब्लॉक) २२० आहेत, ते पुढच्या कामाला ठेवा. सिग्माचं फारच अचूक मूल्य हवं असेल तर गोष्ट वेगळी, कडा शोधायला नको असतं.

आणि आयआय १ आलाय म्हणता त्यामागे लाइन बफर कसा विभागलाय तेही एकदा बघा. ब्लॉक रॅमला दोनच पोर्ट असतात. सगळ्या ओळी एकाच अ‍ॅरेत, विभाजन न करता ठेवल्या तर एका क्लॉकला चार ओळींतून वाचणं शक्यच नाही, आणि टूल आयआय २ किंवा ३ देईल. ओळींच्या डायमेन्शनवर पूर्ण पार्टिशन, विंडोवर दोन्ही डायमेन्शनवर पूर्ण. तुमचं झालेलं दिसतंय, दोन पिक्सेलला जाताना परत तपासा.

आता कडा मूळ चित्रावर चढवायची गोष्ट. इथे बहुतेक जण अडकतात. इनपुट स्ट्रीम दोन वाटांनी फुटणार, एक वाट गॉशियन-सोबेलमधून, दुसरी सरळ, आणि शेवटी दोन्ही भेटणार. फिल्टर नीट लिहिलात, म्हणजे सरकलेलं चित्र न देता पुरेशा ओळी आल्यावरच पहिला पिक्सेल सोडणारा, की पहिल्या वाटेवर गॉशियनचा उशीर दोन ओळी आणि दोन पिक्सेल, सोबेलचा एक ओळ आणि एक पिक्सेल, एकूण ३ ओळी आणि ३ पिक्सेल, म्हणजे ५,७६३ पिक्सेल. तोपर्यंत सरळ वाटेवरचे पिक्सेल कुठेतरी उभे राहिले पाहिजेत. एचएलएसच्या स्ट्रीमची, म्हणजे मधल्या फिफोची (आलेल्या क्रमाने सोडणारी रांग), डिफॉल्ट खोली २ असते. दोन पिक्सेल आले, फिफो भरली, स्प्लिटर थांबला, स्प्लिटर थांबला म्हणून फिल्टरला पुढचे पिक्सेल मिळेनात, फिल्टर आउटपुट देईना म्हणून जोडणारा थांबला, जोडणारा थांबला म्हणून फिफो रिकामी होईना. कायमचं लॉक. सी सिम्युलेशनमध्ये हे दिसत नाही कारण तिथे फिफो हवी तेवढी वाढते, को-सिम्युलेशनमध्ये (बनलेल्या सर्किटचं सिम्युलेशन) किंवा थेट बोर्डवर दिसतं. सरळ वाटेवर ८,१९२ खोलीची फिफो ठेवा. ग्रेला ३६ केबिटचे दोन ब्लॉक रॅम जातील, २४ बिट कलरला सहा, आणि आहेत १४०. दोन पिक्सेल पर क्लॉक केलंत तर रुंदी दुप्पट आणि खोली निम्मी, ब्लॉक तितकेच. बरोबर ५,७६३ मोजून ठेवू नका, फिल्टरच्या पाइपलाइनचे अजून काही क्लॉक असतात आणि टूलचं व्हर्जन बदललं की तेही बदलतात.

टायमिंगबद्दल पटकन. चार-पाच स्टेज जोडल्या की रेडीची वायर शेवटापासून सुरुवातीपर्यंत एकाच क्लॉकमध्ये धावायला लागते आणि तोच सगळ्यात लांब पाथ होतो. मधे रजिस्टर स्लाइस टाका, पूर्ण थ्रूपुट देणारा, ज्याला स्किड बफर म्हणतात तो. डेटाच्या रजिस्टरना रिसेट देऊ नका, फक्त व्हॅलिडला द्या, रिसेट नसला तर ३२ खोलीचा शिफ्ट रजिस्टर एका एलयूटीत बसतो, रिसेट दिला की ३२ फ्लिपफ्लॉप. आणि व्हॅलिड वर करायला रेडीची वाट बघायची नाही, हा अ‍ॅक्सीचा नियमच आहे, दोघं एकमेकांची वाट बघत बसले की तुमचं डिझाइन कायमचं 'पहले आप'.

डीएमएऐवजी स्वतःचा अ‍ॅक्सी मास्टर लिहायचा विचार असेल तर एवढं लक्षात ठेवा की झिंक-७००० चे पीएस पोर्ट अ‍ॅक्सी-३ आहेत, एका बर्स्टमध्ये (एका मागणीत सलग येणारा डेटा) जास्तीत जास्त १६ बीट, म्हणजे बसच्या रुंदीएवढे १६ घास. ६४ बिटाला म्हणजे १२८ बाइट. समजा डीडीआरचं उत्तर यायला ४० क्लॉक लागतात आणि तुम्ही एक बर्स्ट मागून तो पूर्ण आल्यावरच दुसरा मागताय, तर ५६ क्लॉकमध्ये १६ च उपयोगाचे, पोर्टचा ३० टक्केसुद्धा वापर नाही. पोर्ट भरून वाहायला एका वेळी चार तरी मागण्या उत्तराच्या वाटेवर असल्या पाहिजेत. बहुतेक जण बर्स्टची लांबी बघतात आणि एकावेळच्या मागण्यांचा आकडा १ वर सोडून देतात.

आणि सगळंच पीएलमध्ये ओढायचा अट्टहासही नको. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे ना, ४५ मीटरच्या ३० अँटेना, त्याच्या अपग्रेडनंतरच्या बॅकएंडमध्ये एफपीजीए सिग्नल डिजिटाइज झाल्यावर त्याची पॅकेट बांधून नेटवर्कवर टाकतात आणि कोरिलेशनचं (अँटेनांचे सिग्नल एकमेकांशी ताडून बघायचं) जड गणित जीपीयूवर होतं. जिथे डेटा अखंड, ठरलेल्या चालीने येतो तिथे एफपीजीए, जिथे कोड वारंवार बदलायचा आहे तिथे दुसरं काही. तुमच्याकडे थ्रेशोल्ड ठरवणं, फिल्टर चालू-बंद करणं, आकडे दाखवणं हे एआरएमवर पायथनमध्येच राहू द्या, ते फ्रेममागे एकदाच होतं. फिल्टर बदलण्यासाठी बिटस्ट्रीम (पीएलमध्ये चढवायची सर्किटची फाइल) बदलायचा विचार कुणी सुचवला असेल तर तो ६० एफपीएसच्या मधे बसणार नाही, ७०२० ची पूर्ण बिटस्ट्रीम ४ एमबीची आहे आणि ती चढेपर्यंत एकापेक्षा जास्त फ्रेम निघून जातात. दोन्ही फिल्टर आत ठेवा आणि एका रजिस्टरने निवडा.

एचडीएमआयला जाल तेव्हा फोटो-कॉपी-ग्रे हा सगळा सीपीयूचा भाग आपोआप गळतो. बोर्डवर एचडीएमआय इन आणि आउट दोन्ही आहेत, इन मधून आलेली स्ट्रीम फिल्टरमधून जाऊन व्हीडीएमएने (व्हिडिओसाठीचा डीएमए) डीडीआरमध्ये तीन फ्रेमच्या चक्रात पडते आणि तिथून आउटकडे. सीपीयू एकाही पिक्सेलला हात लावत नाही. फक्त एक, १०८०पी ६० चा पिक्सेल क्लॉक १४८.५ मेगाहर्ट्झ असतो आणि तुमचा फिल्टर १०० वर, म्हणजे मधे असिंक्रोनस फिफो हवी, नुसत्या दोन फ्लिपफ्लॉपवर ८ बिटांचा डेटा इकडून तिकडे नेऊ नका. आणि ह्या बोर्डवरचं एचडीएमआय एफपीजीएच्या साध्या पिनांवरून चालतं, त्या स्पीड ग्रेडला १०८०पी ६० म्हणजे डेटाशीटच्या मर्यादेबाहेर जाणं आहे. तुमच्या केबल-मॉनिटरवर चालेलही, पण प्रोजेक्ट डेमोच्या दिवशी भरवसा हवा असेल तर ७२०पी ६० घ्या, पिक्सेल क्लॉक ७४.२५, आणि मग १०० मेगाहर्ट्झला एक पिक्सेलसुद्धा पुरतो. परीक्षक १०८० आणि ७२० मध्ये फरक शोधणार नाहीत, अडकलेलं चित्र मात्र लगेच दिसतं.

तर आज एवढंच करा, लेंथ रजिस्टर २६, टी-लास्ट शेवटच्या पिक्सेलवर, दोन आयपी जोडलेले, आणि तीन सांध्यांवर काउंटर. सांधे म्हणजे गॉशियनच्या आधी, मधे आणि सोबेलच्या नंतर. नऊ आकडे इथे टाका, सोबत पिंकची इमेज कुठल्या व्हर्जनची आहे आणि बफर अलोकेट करताना कॅशेबल काय दिलंय तेही लिहा, त्याशिवाय कॉपीला किती वेळ जातोय ह्यावर मला पुढे काही बोलता येणार नाही.